सोडलेल्या गोष्टी

"अप्पा, खीर घ्या की थोडी," शुभा म्हणाली.

"मला नको. गोड सोडलंय."

"गोड? तुम्ही चहा सोडला होतात ना?"

"चहापण सोडलाय."

तिचा हात पळीवर तसाच राहिला. शुभा माझी एकुलती एक मुलगी. तिला सातवा महिना लागला होता आणि त्याच दिवशी सकाळी आमचे जावई संग्राम तिला इचलकरंजीहून विट्याला आमच्या घरी सोडून गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. तिची आई शालन जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. वर्ष झालं नव्हतं म्हणून आम्ही डोहाळजेवण केलं नाही. माझी थोरली बहीण गोजराक्का शालन गेल्यापासून माझ्याकडंच राहत होती. ती म्हणाली, "आई नसली म्हणून काय झालं, मी हाय की. आण पोरीला." तीन महिने पोरगी घरात राहणार होती. अकरा महिन्यांत मला पहिल्यांदा कशाची तरी वाट बघावीशी वाटली होती.

शालनच्या अस्थी आम्ही कऱ्हाडला संगमावर सोडल्या. तिथं घाटावर गुरुजी म्हणाले, "यांच्या नावानं आवडीची एखादी गोष्ट सोडा." तशी पद्धतच आहे. कुणी फळ सोडतं, कुणी भाजी. मी चहा सोडला. दिवसाला आठ-दहा कप घेणारा माणूस मी. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ आली. आणि खरं सांगायचं तर ते डोकं दुखत होतं तेवढा वेळ मला जरा बरं वाटत होतं. म्हणून महिन्याभरानं मी गादी सोडली. मग पायातली चप्पल. दिवाळीला गोड सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच एकेक सोडत गेलो.

"अगं, मीबी सोडलंय की," अक्का शुभाला म्हणाली. "आम्ही बायका गाडी करून काशीला गेलो, तवा समद्यांनी कायबाय सोडलं. मी कारलं सोडलं."

"आत्या, तुला कारलं आवडत होतं?"

"छ्या! तोंडात धरवत नव्हतं. म्हणून तर सोडलं. देव काय घरी येऊन विचारतोय व्हय?"

शुभा हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं. मी म्हटलं, "अक्का, असल्या गोष्टीत चेष्टा करू नये."

हसणं तिथंच थांबलं. शुभानं आपल्या वाटीतली खीर पातेल्यात परत ओतली. "मलाही नको, आत्या," ती म्हणाली.

याला आता नऊ वर्षं झाली. ती खीर परत ओतताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी तेव्हा बघितलं नाही. मी माझी भाकरी खात होतो.

माझं काम मोटरी भरायचं. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळाली की तो ती माझ्याकडं आणतो. मी आतली जळकी तार काढतो आणि नवी तांब्याची तार भरून देतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. एप्रिल म्हणजे कामाचा महिना, दारात चार-पाच मोटरी कायम पडलेल्या.

दुसऱ्या दिवशी लेंगरे गावचे बाबर त्यांची मोटर घेऊन आले आणि बाकड्यावर टेकले.

"सोपानमिस्त्री, साऱ्या गावाचं पंखं तुम्ही फिरवताय आन् स्वतः घामानं निथळताय. बटन दाबू का?"

"राहू दे."

"बिल मी भरतो की आजच्या दिवसाचं!"

शुभा आतल्या दारात उभी होती. ती आली आणि तिनं बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. मी उठलो आणि बंद केला.

"पंखापण?" शुभा म्हणाली.

"पाडव्याला सोडला."

बाबर खाली बघत बसले. शुभाही खालीच बघत होती, पण माझ्या पायाकडं. तारेचा तुकडा घुसून टाच चिघळली होती, त्यावर मी चिंधी बांधली होती.

"अप्पा, हे काय झालंय?"

"काही नाही. तार लागली."

"दुकानात तरी चप्पल..." ती अर्ध्यावरच थांबली.

मी तार हातात घेतली आणि वेढे मोजायला लागलो. मी मोजत असताना आमच्याकडं कुणी बोलत नाही, हा घरचा नियम. एक वेढा चुकला तर सगळी कॉइल परत करावी लागते. शुभा लहानपणापासून तो नियम पाळत आली होती. कॉइल संपवून मी मान वर केली तेव्हा ती दारात नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का पदराला हात पुसत दुकानात आली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"सोपाना, पोरीनं नवऱ्याला फोन केलाय. न्यायला या म्हणून."

"का?"

"मला इचारतोस? कालपासनं तिनं खोलीतला पंखा लावला न्हाई. पोटुशी बाई, ह्या उन्हाळ्यात! काल गादी घातली तर गुंडाळून ठेवली आन् चटईवर पडली. म्हणती, अप्पा खाली झोपतात. सकाळी शिरा केला, त्याला हात लावला न्हाई. तुझ्या घरात येक उपाशी ऱ्हातोय म्हणून दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरंना."

"मी तिला उपाशी राहा म्हटलं का?"

"तू काय म्हणतोस? तू कवा काय म्हणतोस?" अक्काचा आवाज चढला. "शालन गेली ते तू येकट्यानंच गमावलं व्हय? ही पोरगी आज गेली तर परत ह्या दारात याची न्हाई, सांगून ठेवते. जा, आत जा. इचार तिला का जातीयास."

"मला माहीत आहे ती का जाते ते."

"माहीत हाय तर मग बसलायस कशाला?"

अक्का गेली. माझ्या हातातली तार मी खाली ठेवली. मला खरोखरच वाटत होतं की मला माहीत आहे. पोरीला कळलंय, असं मला वाटलं. तिची आई कशी गेली ते तिला कुठून तरी कळलंय, आणि म्हणून तिला माझ्या घरात राहवत नाही. संग्राम यायला दोन-अडीच तास होते. तिनं दुसऱ्याकडून ऐकून जाण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकून जावं, एवढंच डोक्यात आलं. मी आत गेलो.

ती कॉटवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. अक्कानं शालनच्या जुन्या साड्यांची दुपटी शिवली होती, ती तिनं बाजूला काढून ठेवली होती.

"शुभा, तू का चाललीस ते मला माहीत आहे."

तिच्या हातातलं कापड खाली पडलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत, अप्पा?"

"धाडस झालं नाही."

"तुम्हाला धाडस कशाला लागतं? चूक..."

"तुझ्या आईला मी मारलं, शुभा."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

"दहा वाजले असतील. माझे वेढे चालले होते. ती दुकानाच्या दारात आली, म्हणाली, अहो, छातीत भरल्यागत होतंय. मी हात वर केला. थांब म्हणून. ती थांबली. कॉइल होईपर्यंत चौकटीला धरून उभी राहिली. मग मी म्हटलं, गॅस झाला असेल, ओवा खा. आणि दुसरी कॉइल घेतली. लोक मोटरीसाठी थांबले होते. ती आत गेली. साडेअकराला मी पाणी प्यायला आत आलो, तेव्हा ती गार पडली होती. हार्टचं होतं, वेळेवर नेलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी हात वर केला नसता तर ती आज तुझं सगळं करायला असती."

हे मी कुणापुढंही बोललो नव्हतो. अक्कापुढंही नाही. बोलून झाल्यावर मी शुभाच्या ओरडण्याची वाट बघत राहिलो. ती ओरडली नाही.

"तुम्ही ओवा खा म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"आणि मग ती आत गेली."

"हो."

"मग तिनं मला फोन केला."

मला काही समजेना. शुभा इचलकरंजीत एका औषधाच्या दुकानात कामाला होती. डी. फार्म. झाली होती ती. आमच्या घराण्यात एवढं शिकलेली पहिलीच.

"सोमवार होता," ती म्हणाली. "काउंटरवर गर्दी होती. आई म्हणाली, अप्पा कामात आहेत गं, छातीत भरून आलंय, डावा हात दुखतोय. मी म्हटलं, सकाळी धुणं धुतलं असशील, त्यानं दुखत असेल. कपाटात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट आहे, एक घे आणि पड जरा. एका मिनिटात फोन ठेवला मी." ती थांबली. "अप्पा, डावा हात म्हटल्यावर पुढं काय विचारायचं असतं ते मला शिकवलंय. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, आधी दवाखान्यात जा. ती आई होती म्हणून नाही म्हटलं."

मी कॉटच्या कडेला टेकलो.

"तुम्हाला माहीत होतं ना?" तिनं विचारलं. "भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होता, तिच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं म्हणून. मी तिथंच बसले होते. मला वाटलं, माझ्याकडं बघून सांगताय."

"मी कुणाकडंच बघत नव्हतो गं. मला वाटलं, तिनं आपणच घेतली असेल गोळी."

"आत्या फोनवर सांगायची, आज तुझ्या बापानं गादी सोडली, आज चप्पल सोडली. गोडाचं तर इथं आल्यावर कळलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे मला दाखवायला चाललंय. तोंडानं मला बोलत नाहीत, पण माझ्या चुकीची शिक्षा स्वतः भोगून दाखवतायत. तरी मी आले. म्हटलं, इथं राहून तुमचं करीन, तुमचा राग जाईल. आणि आले तर तुम्ही पंखापण बंद करताय." ती आता रडायला लागली होती, पण बोलायची थांबत नव्हती. "संग्रामनापण सांगितलं नाही मी. मला भीती वाटते अप्पा. हे पोर उद्या आजारी पडलं, रडायला लागलं, तर मला काय कळणार आहे? आईचं कळलं नाही मला."

"तुझी काय चूक त्यात?" मी म्हटलं. "फोनवर कुणाला काय दिसतं? गर्दी होती. तू काय मुद्दाम केलंस का?"

"आणि तुम्ही?"

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"मी समोर होतो."

"मी शिकलेली होते."

मी टाचेवरची चिंधी घट्ट करायला लागलो.

"तुम्ही ओवा सांगितला, मी गोळी सांगितली," शुभा म्हणाली. "मला माफ आणि तुम्हाला नाही, असं कसं होईल? तुम्ही म्हणताय तुझी चूक नाही. पण उद्या परत अनवाणी फिरणार, परत टाच फोडून घेणार. मग मी तुमचं बोलणं खरं मानू की तुमचे पाय?"

मी पायांकडं बघितलं. चिंधी काळी पडली होती. मी हे सगळं शालनसाठी करतोय असं मला वाटत होतं. त्याचा शालनला काही उपयोग नव्हता. आणि दुसऱ्या गावात माझी पोरगी त्यातली एकेक गोष्ट स्वतःच्या अंगावर घेत होती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"चूक झाली, शुभा," मी म्हटलं. "आपल्या दोघांच्या हातून झाली. ती काही पुसता येत नाही. पण आपण तिचे वैरी नव्हतो."

"आपण नको. तुमचं म्हणा आधी."

"काय म्हणू?"

"मी तिचा वैरी नव्हतो, असं म्हणा. मग मी माझं म्हणते."

चार शब्द होते. मला म्हणता येईनात. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे अक्का ऐकत होती. मला वाटत होतं, हे मी म्हटलं तर शालन अजून चौकटीला धरून उभी आहे आणि मी तिला सोडून निघून चाललोय. माझा त्या शब्दांवर विश्वास नव्हता. पण समोर पोरगी पोटावर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. मी म्हटलं नसतं तर तिलाही ते कधीच म्हणता आलं नसतं.

"मी तिचा वैरी नव्हतो," मी म्हटलं. आवाज कसातरीच निघाला.

"मी पण नव्हते," शुभा म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोघं रडलो. शालन गेली त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. अक्का दारात आली, आमच्याकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा एकही शब्द न बोलता परत गेली. जाताना तिनं पंख्याचं बटण दाबलं. मी उठलो नाही.

साडेचारच्या सुमाराला संग्राम आले. आमची तोंडं बघून दारातच थबकले.

"काय झालं? दुखायला लागलं का? दवाखान्यात जायचंय?"

"काही नाही. अहो, बसा जरा," शुभा म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचंय."

मी उठायला लागलो. "अप्पा, तुम्ही पण बसा," ती म्हणाली.

तिनं त्यांना फोनचं सगळं सांगितलं. ह्या वेळी ती सावकाश बोलली. संग्राम खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती, ती ते फिरवत होते. मग फिरवायची थांबले.

"म्हणून रात्रीची उठून बसत होतीस होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, मी घोरतो म्हणून."

"ते पण आहेच," शुभा म्हणाली.

त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, "मामा, मला वाटायचं हिला माझ्याशीच बोलायचं नाही. सहा महिने झाले, घरात नुसती हो आणि नाही."

"मला माझीच लाज वाटत होती," शुभा म्हणाली. "तुमच्याशी काय बोलणार?"

अक्का ताटं घेऊन आली. "जावईबापू, आलासा तसं जेवूनच जावा. आन् पिशव्या न्यायचा इचार असंल तर आधी माझ्याशी गाठ हाय."

"आत्या, तुमच्याशी गाठ नको," संग्राम म्हणाले. "पिशव्या राहू दे."

ते जेवले आणि दिवस असतानाच परत निघाले. अक्का देवळात गेली. मी आणि शुभा पायरीवर बसलो. त्या दिवशी मी काही सोडलेलं सगळं परत धरलं, असं झालं नाही. काही गोष्टींना पुढं वर्ष गेलं. आजही कधी कधी सकाळी दहाच्या सुमाराला, हातात तार असताना, माझी मान आपोआप दाराकडं वळते.

"अप्पा," शुभा म्हणाली, "आईचं काहीतरी सांगा. त्या दिवसाचं नको. दुसरं."

मी आठवायला लागलो आणि मला काही आठवेना. एकतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, आणि मला ती फक्त चौकटीला धरून उभी दिसत होती. अकरा महिने मी तिला तिथंच उभं करून ठेवलं होतं. त्या दिवसाच्या मागं जाऊन बघावं, असं मला कधी सुचलंच नव्हतं. शुभानं घाई केली नाही. रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या.

"एकदा तिनं मोटर बदलली," मी म्हटलं.

"कसली मोटर?"

"मी तार आणायला सांगलीला गेलो होतो. दोन मोटरी भरून ठेवल्या होत्या. एक तीन हॉर्सपॉवरची, एक पाचची. माणसं आली आणि हिनं पाचवाल्याला तीनची दिली, तीनवाल्याला पाचची. पाचवाला दुसऱ्याच दिवशी बोंब मारत आला. तीनवाला कशाला येतोय? मी त्याच्याकडं गेलो तर म्हणतो, मिस्त्री, मोटर आमचीच हाय, तुमच्याकडं चार दिवस ऱ्हायली, तिनं बाळसं धरलं."

शुभाला हसू फुटलं. ती एका हातानं पोट धरून हसायला लागली.

"मग?"

"मी हात हलवत परत आलो. तुझी आई म्हणाली, तुम्ही राहू द्या. सकाळी उठली, भाकरी बांधून घेतली आणि त्याच्या विहिरीवर जाऊन बसली. मोटर दिल्याशिवाय उठत नाही म्हणाली. दुपारपर्यंत बसली. शेवटी त्याच्या बायकोनंच त्याला शिव्या घातल्या. ही बैलगाडीत मोटरीशेजारी बसून घरी आली. वाटेत प्रत्येकाला सांगत, आमची मोटर सापडली."

"मी होते तेव्हा?"

"तू पोटात होतीस की झाली होतीस, ते काही आठवत नाही."

शुभा हसता हसता परत रडायला लागली. ह्या वेळी मी तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवर जरा सरकून बसली.

"अजून एक सांगा," ती म्हणाली.